निकालाआधीचं गाव कोण लिहिणार? (कोल्हापूर जिल्हा, मुक्त पत्रकारिता)

भोगावतीकाठ

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी एका दुपारीत देशाला माहीत झालं. वडील शिक्षक, आई सरपंच, स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस, एवढं सगळ्यांनी छापलं. छापायलाच हवं होतं. पण हा मुलगा २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात, दाखल झाला होता. तिथून पॅरिसपर्यंत पंधरा वर्षं जातात. त्या पंधरा वर्षांत राधानगरी-भुदरगडातून आणखी किती पोरं प्रबोधिनीच्या निवड चाचणीला गेली, किती परत आली, परत आलेल्यांच्या शाळेचं काय झालं, याबद्दल सलग लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आरोग्याचंही तेच. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, तेव्हा जिल्ह्याची पानं भरली. अशी कावीळ पाण्यातून येते, आणि पाणी काही एका रात्रीत घाण होत नाही. साथीच्या आधीची वर्षं कुणी लिहिली?

पुराचं तर विचारूच नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तेवढंच दुखणं. दर तासाला पातळी छापली जाते. पाणी उतरल्यावर चिखली-आंबेवाडीत ज्या घरातली जनावरं गेली, त्या घराचा दुधाचा पगार बंद झाल्यावर पोरीच्या कॉलेजची फी कुणी भरली, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी मुक्त पत्रकार आहे. आरोग्य, खेळ आणि गावातलं रोजचं जगणं यावर लिहितो. माझं म्हणणं एकच आहे: आपल्याकडं बातमी निकालाची होते. पदक, मृत्यू, पातळी. तो निकाल ज्या वर्षांत शिजतो आणि ज्या घरात तो नंतर उरतो, ते लिहिणं हे आमच्यासारख्यांचं काम आहे, कारण रोजच्या पेपराला ते वेळेत बसवता येत नाही.

तुमच्या भागातला असा एक विषय इथं लिहा. पत्रकार असाल तर अशा लेखाचे पैसे कोण देतं हेही सांगा. तो प्रश्न टाळून ही चर्चा पुढं जाणार नाही.

स्टेडियमची पायरी

भावा, विषय लई भारी काढलास. फुटबॉलचं सांगतो.

पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, ह्या आमच्या पेठांतल्या तालमी-मंडळांच्या टीमा. शाहू स्टेडियमवर यातल्या तगड्या दोघांची मॅच असली की पेठा मोकळ्या पडत्यात. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल कितव्या मिनटाला, पास कुणाचा, सगळं असतंय. गावच्या फुटबॉलला एवढी जागा देणारे पेपर राज्यात दुसरीकडं नसतील, त्याबद्दल तक्रारच न्हाई. पण गुडघा गेला की माणूस बातमीतनं जातोय.

गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं की ऑपरेशन. पुढं नऊ-दहा महिने व्यायाम, फिजिओ. पोरगं शिरोलीच्या फौंड्रीत न्हाईतर एखाद्या दुकानात कामाला असतंय. विमा कुणाचा? तालमीतली माणसं आपापसात पैसे काढून ऑपरेशन करत्यात, ह्यात कोल्हापूर कधी मागं पडलं न्हाई. पण फिजिओला रोज जायला सुट्टी कोण देणार? मग दोन-तीन महिन्यांत पोरगं पट्टी बांधून मैदानात उतरतंय, कारण सीझन संपत आलाय आणि पेठेची इज्जत हाय. तोच गुडघा परत जातोय. आमच्या पेठेतल्या एका चांगल्या स्टॉपरचं असंच झालं. आता जिना चढताना कठड्याला धरतोय. तिशीतला गडी हाय.

ह्यावर लिहा. कुणाला शिव्या घालायला नको, पण पुढच्या पोराला कळू दे.

पन्हाळा रोड

+१. वाचतोय.

वार्ताहर शिरोळ

पैशाचं मी सांगतो, कारण त्यातच माझी उमेद गेली.

तालुक्याचा वार्ताहर म्हणजे पगारी माणूस असं लोकांना वाटतं. तसं फार कमी ठिकाणी असतं. मानधन नावाला. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. पुढाऱ्याचा वाढदिवस, दिवाळीच्या शुभेच्छा, पतसंस्थेची वार्षिक सभा, वर्धापनदिनाची पुरवणी. ज्या सरपंचाकडून पुरवणीला पान घ्यायचं, त्यालाच पाण्याच्या टाकीबद्दल विचारायचं. विचारणारे आहेत, मी त्यांना ओळखतो, आणि त्यांची पुढच्या वर्षीची जाहिरात गेलेलीही पाहिली आहे. त्यामुळं वार्ताहर विकला गेला म्हणण्याआधी त्याचं घर कशावर चालतं ते बघा.

विषय हवा म्हणालात. मे २०२२ ला आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, हे सगळं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. देशभर नाव झालं. गावानं धाडस केलं, शंकाच नाही.

आता पुढची बातमी. ठरावानंतर ज्यांचे नवरे गेले, त्या बायकांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणी बोलावतात का? सातबाऱ्यावर नाव लागलं का? सासरच्या घरात तिच्या शब्दाला किंमत आली का? परिपत्रक पोहोचलेल्या बाकीच्या गावांनी ठराव करून वही मिटली की काही केलं? हे एका फेरीत कळत नाही. बायका पहिल्या भेटीत 'सगळं चांगलं आहे' म्हणतात. चौथ्या-पाचव्या भेटीत, तेही घरातले पुरुष रानात गेले असतील तर, बोलतात. त्या फेऱ्यांचं पेट्रोल कोण घालणार?

भोगावतीकाठ

@वार्ताहर शिरोळ, तुमचा चौथ्या भेटीचा मुद्दा मी अधोरेखित करतो. मुक्त पत्रकाराकडं संस्थेचं बळ नसतं, गाडी नसते, वकील नसतो. एकच गोष्ट त्याच्या हातात असते, ती म्हणजे पुन्हा जाता येणं. उद्या अंक काढायचा नसतो म्हणून आपण परत जाऊ शकतो. आपणही एका भेटीत लेख उरकायला लागलो तर आपला उपयोग काय?

उपकेंद्र ड्युटी

मी आरोग्य सेविका आहे. शासकीय नोकरी, म्हणून गाव सांगत नाही.

आमच्याकडे पत्रकार दोन वेळा येतात. साथ आली की, आणि मंत्री आले की. मधल्या काळात या, मी सांगते काय बघायचं.

ग्रामपंचायतीत गेल्यावर पाण्याचं कार्ड विचारा. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. गावातल्या बहुतेकांना आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हेच माहीत नसतं. मग टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा, साठा बघा. पावडर कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवली आहे का? उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि तुम्ही पाण्यात नुसता चुना टाकता. ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते तपासण्याची, वही मागा. चांगल्या वहीत शाई बदलते, अक्षर बदलतं, एखादा दिवस सुटलेला असतो आणि त्याचं कारण लिहिलेलं असतं. सगळा महिना एका पेनानं एका बैठकीत भरला असेल तर ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

आणि पाणी सोडणाऱ्या माणसाशी बोला. पहाटे उठून टाकीवर जाणारा, पावडर कालवणारा तोच असतो. त्याला महिन्याला काय मिळतं, वेळेवर मिळतं का, हातमोजे कुणी दिलेत का, हे विचारा. काविळीची साथ येण्याआधीची बातमी त्याच्याकडे असते.

आशाताईंचंही लिहा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला, आम्हाला फार आनंद झाला. पण कागदावर ती स्वयंसेविका आहे, म्हणून तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. पुराच्या वेळी स्वतःच्या घरात पाणी असताना निवारा केंद्रात लेप्टो तापाच्या गोळ्या वाटणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

एक विनंती मात्र आहे. पेशंटच्या बाबतीत नाव बदलून भागत नाही. 'अमुक गल्लीतली पस्तिशीतली विधवा, टीबी आहे' एवढं लिहिलं की गावाला सगळं कळतं. वाचकाला पुण्यात कळत नाही, पण तिला पुण्यात राहायचं नाहीये.

लाल माती

उपकेंद्र ताईंना नमस्कार. फार मोलाचं लिहिलंत.

मी कुस्तीचं बोलतो. खासबाग मैदान १९१२ चं, शाहू महाराजांनी बांधलेलं. तिथल्या कुस्त्या, हिंदकेसरी, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी, याबद्दल भरभरून लिहिलं जातं. आणि खाशाबा जाधवांची गोष्ट तर प्रत्येक भाषणात असते. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली, हेही आपण अभिमानानं सांगतो.

पण ती गोष्ट पैशाचीही आहे ना? १९५२ ला पोराला पाठवायला घर गहाण पडलं. आज तालमीत राहणाऱ्या पोराच्या दूध, तूप, बदामासाठी काय गहाण पडतं? बाप दुसऱ्याच्या रानात राबणारा असेल तर थोरल्या भावाची नोकरी खुराकावर जाते, कधी म्हैस विकली जाते, कधी गुंठा-दोन गुंठे. हा हिशेब घरोघर बसून कुणी लिहून काढला तर वाचणाऱ्याला कळेल की मैदानात शड्डू ठोकणारा एकटा नसतो.

कोरोनात २०२० आणि २०२१ च्या जत्रा बंद होत्या. जत्रा नाही म्हणजे मैदान नाही, मैदान नाही म्हणजे इनाम नाही. त्या दोन उन्हाळ्यांत कोण सेंट्रिंगच्या कामाला गेलं, कोण एमआयडीसीत गेलं, त्यातलं कोण परत लंगोट बांधायला आलं? मी माझ्या तालमीतल्या पोरांचं सांगू शकतो, जिल्ह्याचं कुणी विचारलेलंच नाही.

मुलींच्या कुस्तीवर वेगळा लेख व्हावा. पदक मिळालं की तिचा फोटो येतो. सरावाला जोडीला मुलगी मिळते का, कपडे बदलायला खोली आहे का, पाळीच्या दिवसांत वस्ताद काय सांगतात, वजन उतरवताना ती काय खाते, हे प्रश्न कुणी पुरुष पत्रकार विचारत नाही आणि विचारलं तरी पोरगी बोलणार नाही. मुली पत्रकारितेत याव्यात असं मला वाटतं त्याचं हे एक कारण.

रात्रपाळी

मी एका संपादकीय डेस्कवर आहे, मूळचा कागलचा. डेस्ककडून बोलतो.

'ग्रामीण आरोग्याची दुरवस्था' असा विषय कुणी पाठवला तर माझ्याकडं तो पुढं सरकत नाही. विषय असा हवा: एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरवरून दिसतंय की रात्री आलेला सर्पदंशाचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण उपचार न करता पुढं पाठवला, आणि रजिस्टरच्या प्रती माझ्याकडं आहेत. काय घडतंय, कुणाच्या बाबतीत, आत्ताच का, कागद कोणते, बोलायला कोण तयार आहे. पाच-सहा ओळी पुरतात.

आकड्यांना घाबरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९-२१ ची, जिल्हावार पत्रकं कुणालाही मिळतात. मुलांची वाढ, बायकांमधला रक्तक्षय, सिझेरियनचं प्रमाण, सगळं त्यात आहे. नियमानं सपाट भागात तीस हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं, डोंगरी भागात वीस हजारांमागं. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडला हे मोजून बघा. मोजल्यावर जे दिसेल ते घेऊन या.

पैशाबद्दल काही लपवत नाही. मराठीत मोठ्या लेखाचं मानधन कमी आहे. इंग्रजी संकेतस्थळं बरं देतात, पण तिथं छापलेलं गावात कुणी वाचत नाही. पी. साईनाथांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेलं 'पारी' हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ हा एक वेगळा मार्ग आहे. सावकाश केलेले मोठे लेख तिथं येतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत फुकट वाचायला मिळतात. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला तो लेख आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे, ही अट मी तरी प्रत्येक मुक्त पत्रकारानं स्वतःला घालावी म्हणेन. इंग्रजीत विकला तरी मराठी हक्क स्वतःकडं ठेवा. आणि टीडीएस कापला तर रिटर्न भरून परत मागा, बरीच पोरं ते पैसे सोडून देतात.

चंदगडी काजू

मला एक आक्षेप घ्यायचाय.

आमच्याकडं लिहिणारा आला की त्याला डोली पाहिजे असती. धनगरवाड्यावरनं आजारी माणूस डोलीतनं खाली आणतानाचा फोटो. डोली खरी हाय, रस्ता न्हाई हे खरं हाय, ते छापून आलंच पायजे. पण त्याच वाड्यावरची पोरं रोज पहाटे रस्त्यावर पळत्यात ती दिसत न्हाईत. आमचा भाग नुसता दीन दाखवला की बाहेरच्याला हळहळ वाटती, पण आम्ही त्यात कुठं असतो?

पळण्याचंच सांगतो. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, तिकडं शिरोळला सैनिक टाकळी, घरटी फौजी असलेली गावं. भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी म्हणजे आमचा सगळ्यात मोठा खेळ, त्याला कुणी खेळ म्हणत न्हाई. डांबरी रस्त्यावर, साध्या बुटावर, वाहनांच्या उजेडात पोरं पळत्यात. नडगी दुखून बसलेली पोरं प्रत्येक गावात सापडतील. भरती अकॅडमीची फी बाप सोसायटीचं कर्ज काढून भरतोय. पोरीपण आता पळत्यात, पोलीस भरतीसाठी.

२०२२ ला लष्कर भरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षं, नंतर चौघांतल्या एकाला कायम. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी व्हायला लागत्यात. परत येणाऱ्या पोरांची बातमी तेव्हा सगळेच करतील. पण लग्नाच्या बैठकीत आत्ताच 'पोरगं कायम होणार का' असं विचारत्यात, ही बातमी कुणी केली?

भोगावतीकाठ

@चंदगडी काजू, आक्षेप पूर्ण मान्य. माणूस फक्त दुखण्यापुरता लिहिला तर तो अर्धा लिहिला. आणि पहाटेच्या रस्त्यावरच्या धावण्याचा विषय मी घेणार, तुमची परवानगी असेल तर तुमच्याच गावापासून.

@रात्रपाळी यांनी सर्पदंशाचं उदाहरण दिलं. त्यावर माझं काम चालू आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, आणि दवाखान्यातलं प्रतिविष या चारांवर चालतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. केंद्रानं २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. कागद चांगला आहे.

आता आपल्या उसाच्या पट्ट्यात तो कागद कसा पोहोचतो ते बघू. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, बांधतात, जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री चावतो. झोपेत चावला तर बऱ्याचदा दुखतही नाही, दाताची खूण नीट दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. थोड्या वेळानं पापण्या जड होतात, बोबडी वळते, मग श्वास. साप कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सर्पदंश आहे हेच ध्यानात येत नाही. अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर कधी कृत्रिम श्वासही लागतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. परक्या मुलखात, रात्री, गाडी कुणाची, सोबत कोण, हे सगळं मुकादमाच्या फोनवर अवलंबून.

माणूस गेला तर पुढचा भाग सुरू होतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला दोन लाख मिळतात. पण ती योजना वहितीधारक, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला, शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. तोडणी कामगार भूमिहीन असेल तर त्यात बसतच नाही. गावाकडं तुकडाभर जमीन असेल तर सातबारा तिकडचा आणि पंचनामा, शवविच्छेदन अहवाल इकडचा. हंगाम संपून टोळी परत गेल्यावर त्या बाईनं हे कागद गोळा करायला कोल्हापूरला किती वेळा यायचं? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते ती वेगळीच.

हा लेख चावा झाल्यावर लिहायला घेतला तर फक्त रडणारी माणसं दिसतात. म्हणून मी हंगामाच्या आधी सुरुवात केली. आरोग्य केंद्रात रात्री कोण असतं, प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, रेफर करताना पहिला डोस देतात का, गाडीत सोबत कोण जातं. डॉक्टरांची बाजूही यातच कळते. एकटा वैद्यकीय अधिकारी, प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया आली तर सांभाळायला दुसरा हात नाही, आणि रुग्ण दगावला तर बाहेर जमाव. त्यांची भीती खरी आहे. ती लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

पहिलं सेमिस्टर

मी शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकते. गाव करवीर तालुक्यात. प्रेस कार्ड नाही, कुठल्या पेपरचं नाव नाही. ग्रामपंचायतीत जाऊन वही मागितली तर 'तू कोण?' विचारतात. सुरुवात कशी करायची?

दहा रुपयांचा स्टॅम्प

तू त्या गावची मतदार आहेस ना? तेवढं पुरे. ग्रामसभेत बसायला आणि प्रश्न विचारायला पत्रकार असावं लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असतात. ठराव कसा मांडतात, कोरमचं काय करतात, कोण बोलतं आणि कोण नुसतं बसतं, हे बघून ये.

कागदासाठी माहिती अधिकार. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. 'पाणी शुद्ध का नाही?' असं विचारू नकोस, 'का'ला उत्तर मिळत नाही. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत टीसीएल खरेदीच्या पावत्या, साठा नोंदवही आणि ओटी चाचणी नोंदवहीच्या साक्षांकित प्रती' असं माग. प्रती महाग पडत असतील तर अभिलेख पाहणी माग. पहिल्या तासाला शुल्क नसतं, जाऊन बसायचं आणि उतरवून घ्यायचं.

उपकेंद्र ड्युटी

@पहिलं सेमिस्टर, मुलगी आहेस हे तुझं बळ समज. लाल माती यांनी लिहिलेल्या मुली, हेरवाडच्या बायका, आमच्या आशा, या तुझ्याशी बोलतील. लहान मुलांवरच्या अत्याचाराचं काही कानावर आलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, शाळेचं नावसुद्धा नाही. एचआयव्हीच्या बाबतीतही तसंच जप.

शाहूपुरी पाचवी गल्ली

पैसे कोण देणार यावर एक जुनी गोष्ट. बाबासाहेबांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालं, त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या त्या मातीत दोघं एका व्यासपीठावर होते. ज्यांचं कुणी लिहीत नव्हतं त्यांच्यासाठी पत्र निघालं तेव्हा पैसा कोल्हापुरातून गेला. आज तसा राजा नाही, पण सार्वजनिक वाचनालयं आहेत, तालमी आहेत, माजी विद्यार्थी संघ आहेत. गणपतीच्या एका मिरवणुकीच्या खर्चातला छोटासा भाग काढला तरी जिल्ह्यात वर्षभर दोन-तीन मुक्त पत्रकार नीट काम करू शकतील.

वार्ताहर शिरोळ

कल्पना चांगली आहे, पण तालमीच्या पैशावर तालमीतल्या गुडघ्यांचं लिहिता येईल का? जाहिरातदार गेला आणि देणगीदार आला, एवढंच होईल. 'मूकनायक'सुद्धा १९२३ ला बंद पडलं, हे विसरू नका. मोठा एक देणारा नको. पाचशे माणसांनी शंभर-शंभर द्यावेत, आणि विषय कुणी ठरवायचा हे आधी लिहून ठेवावं.

भोगावतीकाठ

मलाही छोटी, अनेकांची वर्गणीच बरी वाटते. नियम काय असावेत ते वार्ताहर शिरोळ आणि रात्रपाळी यांनी मिळून लिहावं, वेगळा धागा काढू. देणाऱ्यांची यादी उघड असावी आणि देणाऱ्याला लेख छापण्याआधी बघायला मिळू नये, एवढे दोन माझ्याकडून धरा.

@स्टेडियमची पायरी, गुडघ्यांचा लेख आधी करू या. सीझन सुरू व्हायच्या आत छापून आला तर उपयोग आहे. फुटबॉलच्या दुखापतीवर बोलायला अस्थिरोग तज्ज्ञ आणि फिजिओ मी बघतो. पोरांशी तुम्ही बोलाल का?

स्टेडियमची पायरी

बोललो. दोघं तयार हायत, फोटोसकट. तिसरा न्हाई म्हणतोय, त्याचं लग्न ठरतंय, म्हणून त्याचं नाव मला विचारू नको. तालमीतल्या थोरल्या मंडळींना पण सांगितलंय, त्यांचं म्हणणं एवढंच की तालमीनं पैसे काढले तेपण लिहा.

भोगावतीकाठ

नाही विचारत. आणि तालमीनं पैसे काढले ते लिहिणारच. जमाखर्चाची वही आणि ऑपरेशनची बिलं बघायला मिळाली तर किती जमले, किती लागले आणि फिजिओला किती उरले, हे तिन्ही आकडे देता येतील. मॅच नसेल त्या दिवशी संध्याकाळी येतो.